वाचकांचे प्रश्न : पहिला किल्ट, बेताच्या खर्चात

प्रश्न : पाइप बँडचे कार्यक्रम पाहून मला किल्टची, म्हणजे स्कॉटलंडमधील पुरुषांच्या चुणीदार, गुडघ्यापर्यंतच्या वस्त्राची, आवड लागली आहे. समारंभासाठी नव्हे, तर सुटीच्या दिवशी आणि संध्याकाळी फिरायला जाताना साध्या शर्टाबरोबर घालता येईल असा एक किल्ट मला हवा आहे. इंटरनेटवर ॲक्रिलिकचे टार्टन (स्कॉटिश रंगीत चौकडीचे) किल्ट स्वस्तात मिळतात. माझी पँट ३४ कमरेची आहे, तेव्हा त्याच मापाचा मागवावा काय? शिवाय, स्कॉटिश नसलेल्या माणसाने टार्टन घालणे योग्य ठरेल काय?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : कृपया ३४ चा मागवू नये. हल्लीची पँट कमरेच्या हाडावर किंवा त्याच्याही खाली बसते. किल्ट मात्र बेंबीच्या पातळीवर बांधला जातो आणि तिथला घेर बहुतेक पुरुषांच्या बाबतीत पँटच्या लेबलवरील आकड्यापेक्षा दोन-तीन इंच तरी अधिक भरतो. बेंबीपाशी कंबर, सर्वांत भरीव जागी सीट आणि बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत लांबी, अशी तीन मापे लागतात. ती दुसऱ्या कोणाकडून घ्यावीत, कारण स्वतः वाकून पाहिले की टेप सरकतो. किल्ट हाती आल्यावर गुडघे टेकून, टाचांवर न बसता, ताठ राहून पाहावे. खालची कड जमिनीला टेकते न टेकते अशी असली, म्हणजे लांबी बरोबर आहे.

आता कापडाविषयी. पारंपरिक किल्टला आठ वार कापड लागते, म्हणजे नऊवारीपेक्षा एकच वार कमी. ते वर्स्टेड, म्हणजे विंचरून कातलेल्या गुळगुळीत लोकरीचे असते, दुहेरी पन्ह्याच्या मीटरला ४०० ते ५०० ग्रॅम भरते (पन्हा मधोमध कापला की चार वारांतून आठ वार निघतात), आणि जड कापडाचा पूर्ण किल्ट पावणेदोन किलोच्या आसपास जातो. असा हाताने शिवलेला किल्ट स्कॉटलंडमध्ये शेकडो पौंडांना पडतो आणि तो त्या किमतीला साजेसाही असतो. पण माळव्याच्या उन्हाळ्यात, रोजच्या वापरासाठी, त्याची गरज नाही. रोजच्यासाठी चार-पाच वारांचा किल्ट पुरतो. ॲक्रिलिकची शिफारस मात्र मी करणार नाही. ते अंगाला गरम होते, बसण्याच्या जागी त्यावर लवकरच गोळे धरतात आणि इस्त्री थोडी जास्त तापली तर त्यावर चकाकी येते. शुद्ध सुती कापड गार असते, पण एकदा बसून उठल्यावर चुण्यांची घडी मोडते. या दोहोंच्या मध्ये पॉलिएस्टर-व्हिस्कोजचे मिश्रण येते. ते घडी धरून ठेवते, घरी धुता येते, आणि ब्रिटनमधील रोजच्या वापराचे कितीतरी किल्टही याच कापडाचे असतात.

हे कापड इंदूरमध्ये शोधत फिरावे लागणार नाही, कारण पँटचे आणि शाळेच्या गणवेशाचे बरेचसे सूटिंग याच मिश्रणाचे असते. म्हणून माझा सल्ला असा आहे की तयार किल्ट मागवण्यापेक्षा एम. टी. क्लॉथ मार्केटमधून किंवा आपल्या भागातील दुकानातून मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास वजनाचे सूटिंग घ्यावे आणि किल्ट शिवूनच घ्यावा. ५८ इंच पन्ह्याचे अडीच मीटर कापड लांबीत मधोमध कापले की २९ इंची दोन पट्टे मिळतात आणि ते जोडल्यावर पाच मीटर, म्हणजे साडेपाच वारांच्या जवळपास, लांबी होते. जोड एखाद्या चुणीच्या आत लपवता येतो. मूळ पद्धतीत कापडाची किनारच खाली येते आणि दुमड घालत नाहीत. आपल्याकडील सूटिंगच्या किनारीवर मात्र पुष्कळदा गिरणीचे नाव असते, तेव्हा ती कापून अरुंद, चपटी दुमड घालण्यास सांगावे.

शिंपी निवडताना शाळेचे चुण्यांचे स्कर्ट शिवणारा निवडावा, कारण सूट शिवणाऱ्यापेक्षा त्याचा हात या कामाला अधिक बसलेला असतो. तरीही एक गोष्ट त्याला कागदावर काढून दाखवावी लागेल. किल्टच्या चुण्या फक्त मागे असतात, पुढे दोन सपाट पल्ले एकावर एक येतात आणि वरचा पल्ला उजव्या बाजूला बंद होतो. मागच्या २० चुण्यांपैकी प्रत्येक चुणी सीटवर एक इंच दिसत असेल, तर कमरेवर ती एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी दिसली पाहिजे. अशा रीतीने मागच्या बाजूला अडीच इंच घटतात आणि किल्ट कमरेला घट्ट बसतो. कमरेपासून सीटपर्यंत, सुमारे आठ इंच, चुण्या शिवून टाकाव्यात आणि त्याखाली मोकळ्या सोडाव्यात. स्वस्त तयार किल्टमध्ये हे निमुळतेपण पुष्कळदा नसते. तो कमरेवर फुगतो आणि पट्ट्याने आवळावा लागतो. जे काही पैसे जास्त खर्च करायचे ते या शिलाईवर करावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

टार्टनबद्दल आपण संकोच बाळगू नये. हायलँड, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाच्या पोशाखावर १७४६ च्या कायद्याने आलेली बंदी १७८२ मध्ये उठली, आणि आज कोणी कोणते टार्टन घालावे हे ठरवणारा कायदा नाही. राजघराण्याचे बाल्मोरल टार्टन इतरांनी घालू नये, एवढा संकेत पाळला जातो. गडद निळ्या, हिरव्या आणि काळ्या चौकडीचे ‘ब्लॅक वॉच’ नावाचे टार्टन कोणालाही शोभते. तरीही पहिला किल्ट आपण एकरंगी घ्यावा, असे मला मनापासून वाटते. आयर्लंडचे पाइपवादक एकरंगी केशरी किल्ट घालतात, तेव्हा त्यात उणेपणा काहीच नाही. राखाडी किंवा गडद निळ्या कापडाला चौकडी जुळवण्याचे काम नसते, त्यामुळे शिलाईचा खर्च कमी येतो आणि चूकही दिसत नाही. बारीक चौकडीचे गणवेशाचे कापड टाळावे, ते शाळेच्या स्कर्टसारखेच दिसेल.

सोबत साधा शर्ट, जाड मोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट पुरेत. किल्टला खिसे नसतात, म्हणून पुढे एक लहानसे चामडी पाऊच लावावे. पिन लावायची झाल्यास ती फक्त वरच्या पल्ल्याला लावावी; दोन्ही पल्ले एकत्र टाचले की चालताना कापड ओढले जाऊन फाटते. आत हाफ पँट असावी, आणि स्कूटरवर बसताना पुढचा पल्ला मांड्यांखाली दाबून घ्यावा.

प्रश्न : मुलाने पॉलिएस्टर-व्हिस्कोजचा किल्ट शिवून घेतला आहे. चुण्या न मोडता तो घरी कसा धुवावा?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : धुण्यापूर्वी सर्व चुण्या खालच्या कडेजवळ लांब कच्च्या टाक्याने एकमेकींना अडकवून घ्याव्यात. थंड पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावा, पिळू नये, आणि कमरेच्या पट्टीला चिमटे लावून सावलीत टांगावा. किल्ट कमरेला बांधण्याचे पट्टे चामड्याचे असल्यास ते भिजू देऊ नयेत. नवा शिवताना त्याच कापडाचे पट्टे लावून घेतले तर ही अडचण राहत नाही. किंचित ओलसर असताना वरून सुती फडके घालून मध्यम इस्त्री फिरवावी, आणि कच्चा टाका कापड पूर्ण थंड झाल्यावरच उसवावा.