रोज धुता म्हणूनच वास येतोय

तुम्ही लिहिलंय की पर्वरीला घरामागे आठ गावठी कोंबड्या आहेत, पाऊस लागल्यापासून खुराड्याचा वास जात नाही, शेजारी कुरकुरतायत, रोज सकाळी पाइप लावून फिनेलने धुता तरी दुपारपर्यंत परत तेच. तर पहिलं काम म्हणजे तो पाइप गुंडाळून ठेवा. मी पेडण्याकडचा, आमच्याकडे चौदा-पंधरा कोंबड्या कायम असतात आणि पहिली दोन वर्षं मीपण हेच करायचो, जितकं धुवावं तितका वास जास्त.

कारण असं की कोंबडी वेगळी लघवी करत नाही, शिटेवर जो पांढरा भाग दिसतो ना ते तिचं युरिक ॲसिड. कोरडं राहिलं तर बिचारं गप्प पडून असतं, ओल मिळाली की जंतू त्याचा अमोनिया करतात आणि नाकात झोंबतो तो हाच. आता शिटेतच मुळात पाऊणएक भाग पाणी, त्यात गोव्याचा पावसाळा, कपडेसुद्धा चार-चार दिवस वाळत नाहीत, आणि वर तुम्ही रोज बादल्या ओतताय, मग ते वाळणार कधी? तुमची भिंत चिऱ्याची असेल तर ती पाणी पिऊन बसते ते वेगळंच.

धुण्याऐवजी खाली जाड अंथरूण घाला. भाताचं तूस सगळ्यात बरं, गिरणीवर पोत्याने मिळतं, नाहीतर लाकडाचा भुसा. चार-पाच इंचाचा थर घालायचा आणि तो रोज काढायचा नाही, दोन-तीन दिवसांनी फावड्याने किंवा काठीने वरखाली करायचा, मूठभर ज्वारी वगैरे टाकली की अर्धं काम कोंबड्याच उकरून करतात. ओलं दिसेल तेवढंच उचलून तिथे नवीन तूस. बरोबर आहे का ते बघायचं तर मूठभर हातात घेऊन दाबा, लाडू वळला तर ओलं आहे, मूठ उघडल्यावर हळूहळू सुटलं तर ठीक.

भुसा घेताना मात्र वाळलेलाच घ्या हं. मी एकदा जुलैत मिलवरून ओला भुसा आणला, वाटलं घालून ठेवू, वाळेल आपोआप. आठवड्यात आत पांढरी बुरशी, आणि दोन कोंबड्या मान लांब करून चोच उघडी ठेवून श्वास घेतायत. एक गेली. डॉक्टर म्हणाले बुरशी फुफ्फुसात गेली, त्याला फारसं औषध नाही. तेव्हापासून तूस मे महिन्यातच भरून माळ्यावर टाकतो.

दुसरं म्हणजे रात्रीची शीट. कोंबड्या दांडीवर झोपतात आणि दिवसभराच्या शिटेतली जवळजवळ अर्धी त्या दांडीखाली एकाच जागी पडते. तिथे एक जुना पत्रा किंवा प्लायचा तुकडा सरकवून ठेवा, वर थोडं तूस, सकाळी मेस्त्रीच्या थापीने खरवडून बादलीत. मला पाच मिनिटं लागतात, चहा उकळेपर्यंत होतं. एवढं एक केलं तरी निम्मा वास जाईल. माशांसाठीपण हेच औषध, कारण उकाड्यात अंड्यापासून माशी व्हायला आठ-दहा दिवसच लागतात आणि त्याच्या आत घाण बाहेर गेली की पुढची पिढीच नाही.

पाण्याचं भांडं कुठे ठेवलंय ते पण बघा. एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते आणि तितकंच सांडते की काय असं वाटतं. भांडं विटेवर, तिच्या पाठीच्या उंचीला ठेवायचं म्हणजे आत पाय घालत नाही, आणि शक्य असेल तर खुराड्याच्या बाहेर.

आणि खायला काय घालता? हे तुम्ही लिहिलं नाही पण आपल्याकडे बहुतेक घरात उरलेलं शीत-कढी आणि बांगडे साफ केल्यावरचं सगळं कोंबड्यांनाच. कढीतलं मीठ पोटात गेलं की त्या पाणी जास्त पितात, पाणी जास्त प्याल्या की शीट पातळ, पातळ शीट म्हणजे परत अमोनिया. मासळीचं जास्त झालं तर अंड्यालासुद्धा वास येतो, माझ्या बहिणीने एकदा तसं ऑम्लेट तोंडात घालून थेट बाहेर पळ काढला होता. थोडं घाला, बाहेर घाला, उरलेलं संध्याकाळच्या आत उचला.

आता ताडपत्री. पाऊस सुरू झाला की सगळे ती निळी ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट बांधतात, मग आत अमोनिया कोंडतो आणि कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात, पाणी येतं. ज्या बाजूने झड येते तेवढीच बाजू बांधा, छपराखाली वीतभर जागा जाळीची मोकळी ठेवा आणि छप्पर हात-दीड हात पुढे काढा म्हणजे पागोळ्या लांब पडतील. तपासायचं कसं, तर गुडघे टेकून कोंबडीच्या उंचीला नाक न्या. उभं राहून आपल्याला काही कळत नाही, ती मात्र चोवीस तास तिथे खालीच असते.

चुना बरेच जण सांगतील. आमची आई चुलीतली राख सांगते. दोन्ही चांगलंच पण चुकीच्या वेळी नाही. ओल्या शिटेवर चुना किंवा राख टाकली की अमोनिया आणखी जोरात सुटतो, मी टाकून बघितलंय, डोळे पुसत बाहेर आलो. चुना मे महिन्यात, मिरगाच्या आधी, सगळं तूस काढून जमीन खरवडून चार दिवस ऊन दाखवल्यावर भिंतींना मारायचा. राख अर्ध्या टायरमध्ये कोरड्या मातीबरोबर ठेवा, त्यात लोळून उवा-पिसवा कमी होतात. ह्यावरून आईशी माझं दरवर्षी वाजतं, ती अजून गुपचूप दांडीखाली राख टाकून जाते.

ब्लीचिंग पावडर मात्र शिटेवर चुकूनसुद्धा नको. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरामाइन म्हणून विषारी वायू होतो, कोंबडीलाही आणि तुम्हालाही. पायऱ्यांवरचं शेवाळ काढायला आणलेली पावडर लोक उरली म्हणून खुराड्यात टाकतात, म्हणून सांगितलं.

काढलेलं तूस फेकू नका, कोपऱ्यात वाळलेल्या पानांबरोबर ढीग करून झाकून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी माडाला, केळीला घाला. ताजं घातलंत तर मुळं जळतात, माझी एक अख्खी मिरचीची ओळ गेलीय.

वास एका आठवड्यात बसला पाहिजे. नाहीच बसला आणि तो झोंबणारा नसून कुजका असेल तर दांडीमागे मेलेला उंदीर किंवा कोपऱ्यात फुटलेलं अंडं शोधा. शिटेत रक्त दिसलं तर मात्र वासाचा विचार सोडून सरळ गुरांच्या डॉक्टरकडे जा, ओल्या अंथरुणात रक्ती हगवण पटकन पसरते.

आणि शेवटी तुम्ही विचारलंय डांबरगोळ्या टांगू का. नको. कोंबडी जे पांढरं दिसेल ते टोचून बघते, आणि ती गोळी विषारी असते.