कथेसाठी पैसे भरू नका, सीईटी मात्र द्या

प्रश्न : मी सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणतो. मुलगी सतरा वर्षांची, बारावी सायन्सला. तिची एक विज्ञानकथा दिवाळी अंकात आली. आता एक प्रकाशक ती 'प्रातिनिधिक कथासंग्रहात' घेतो म्हणतात, पण २५०० रुपये सहभाग शुल्क मागतात. मुलगी म्हणते, इंजिनिअरिंग नको, लेखिकाच होणार. काय करू? (सोबत कथेची झेरॉक्स.)

उत्तर : नमस्कार. आधी पैशाचं बोलू. एक रुपयाही देऊ नका. संपादकाला कथा आवडली की तो ती मागून घेतो, मानधन देतो, निदान पुस्तकाची प्रत तरी पाठवतो. पैसे भरणाऱ्या प्रत्येकाची कथा ज्यात येते, त्या संग्रहात निवड कसली? कॉलेजात असताना मीही असाच एका कवितासंग्रहात 'निवडला' गेलो होतो. त्याच्या आठ प्रती अजून माळ्यावर आहेत.

खरं बोलावणं आलं तर करार लेखीच हवा. कथा फक्त त्या एका पुस्तकापुरती दिली आहे, हक्क लेखिकेकडेच राहतील, हे त्यात स्पष्ट असावं. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लिहून देताना मुदत घातली नाही, तर ती पाच वर्षं धरतात. तुमची मुलगी अठराच्या आत आहे, त्यामुळे तिच्या एकटीच्या सहीवर करार होत नाही. पालक म्हणून तुम्ही वाचून सही करा.

आता करिअर. मराठीत नुसत्या विज्ञानकथांवर घर चालेल, असं मी तरी तिला सांगणार नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं, तेव्हा ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह १९९३ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी संपादित करणारे बाळ फोंडके हे भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले शास्त्रज्ञ. नोकरीमुळे त्यांचं लेखन अडलं नाही, उलट कथांना माल तिथूनच मिळाला.

म्हणून सीईटी देऊ द्या. इंजिनिअरिंग नकोच असेल तर सोलापुरातच फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करता येईल, त्यावर रागावू नका. वर्षाला दोन कथा, एक स्पर्धेला आणि एक दिवाळी अंकाला, एवढा नेम पुरे.

कथा मी वाचली. उद्याची बातमी चादरीत विणणारा जकार्ड माग, ही कल्पना मुंबई-पुण्यातल्या पोराला सुचली नसती. नक्षी ठरवणाऱ्या त्या छिद्रांच्या पुठ्ठ्यांवरूनच पुढे कॉम्प्युटरची पंचकार्डं आली, हे तिला माहीत असेल-नसेल, पण नेम बरोबर लागलाय. चूक एकच. पुठ्ठ्याचं एक छिद्र बुजतं आणि माग बंद पडतो, असं तिने लिहिलंय. माग कुठला बंद पडतोय! तेवढा धागा वर उचलला जात नाही आणि नक्षी फिरून आली की तीच चूक पुन्हा उमटते. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. बातमीत दर वेळी तोच एक शब्द चुकीचा येतो, असं केलं तर कथेचा शेवटच बदलेल. रविवारी तिला मागावर घेऊन जा आणि एक छिद्र बुजवून दाखवा.