पॅसेजमध्ये नुसता बसलेला बोका

"गादीवर तिसऱ्यांदा शू झालीय. आणि ती चिमीच करते, मुद्दाम. नवी आणली म्हणून सूड उगवतेय बया."

ताईंच्या फोनची सुरुवातच ही. मांजरांच्या वागणुकीवर सल्ला द्यायचं माझं काम, त्यामुळे "जुनी मांजरं नव्या मांजराला मारतील का?" हा प्रश्न मला सतत येतो. या ताई मात्र त्याच्या पुढच्या टप्प्यावर होत्या. घरात 6 वर्षांची चिमी, 4 वर्षांचा बोका मन्या, आणि तीन आठवड्यांपूर्वी आलेली दीड वर्षाची ठकी. तिघांचीही नसबंदी झालेली. (नावं बदलली आहेत, मांजरांचीसुद्धा.)

"चिमीने पहिल्या दिवसापासून फिसकारून घर डोक्यावर घेतलं. मन्या मात्र शहाणा हो. एकदाही आवाज नाही केला. नुसता बसून बघत असतो."

मी वहीत मन्याच्या नावाखाली रेघ मारली.

पण आधी तिघांना पशुवैद्यांकडे पाठवलं. मी डॉक्टर नाही, आणि शी-शूच्या वाळूच्या ट्रेबाहेर शू झाली की पहिली शंका आजाराचीच घ्यायची. घरातल्या ताणानेही मांजराच्या मूत्राशयाला सूज येते. आणि बोका सारखा ट्रेत जाऊन जोर करतोय, पण थेंबही येत नाही असं दिसलं तर मला फोन करत बसू नका, तडक दवाखाना गाठा. मार्ग तुंबला असेल तर जिवावर बेततं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नसते. इथे तिघांचीही तपासणी स्वच्छ आली.

मग ताईंना म्हटलं, "मोबाइल पॅसेजच्या टोकाला कपाटावर ठेवा आणि संध्याकाळी तासभर शूटिंग चालू ठेवा. तुम्ही नेहमीसारखं वावरा."

व्हिडिओत दिसलं ते असं. वाळूचे ट्रे दोन, दोन्ही बाल्कनीत एकमेकांना खेटून. तिथे जायची वाट एकच, हा पॅसेज. त्यात मधोमध मन्या आडवा पसरलेला, शेपटीचं टोक तेवढं हलतंय. ठकी खोलीच्या दारात येते, एक पाऊल टाकते. मन्या मान वळवतो. बस, एवढंच. ना गुरगुरणं, ना पंजा उगारणं. कान जरासे बाजूला वळतात आणि नजर तिच्यावर खिळते. ठकी अंग चोरून जमिनीलगत होते आणि उलट पावली खोलीत जाते. तासाभरात हे चार वेळा झालं. मागे ताईंचा आवाज येत होता, कुणाला तरी सांगत होत्या, "आता अगदी शांत आहे सगळं."

ठकीला त्याच रात्री वेगळ्या खोलीत तिच्या स्वतःच्या ट्रेसह ठेवायला सांगितलं. त्यानंतर गादी कोरडीच राहिली. चिमी निर्दोष सुटली.

फिसकारणाऱ्या मांजराची लोकांना फार भीती वाटते. मला वाटत नाही. फिसकारणं म्हणजे "लांब राहा" असं तोंडावर सांगणं. मारामारी टाळायचाच तो मार्ग आहे. समोरचं मांजर लांब राहिलं की विषय संपतो. वाट अडवून टक लावून बसणारं मांजर घरातल्या माणसांना दिसतच नाही, कारण त्यात आवाज नसतो. आणि सूड वगैरे मांजराच्या डोक्यात नसतो. ठकीला शू लागली होती, ट्रेची वाट बंद होती, गादी मऊ होती.

चिमी फिसकारली की तिच्यावर पाण्याचा फवारा मारायचा, असा उपाय या घरात चालू होता. कुणी सुचवला होता कोण जाणे. चिमीच्या बाजूने बघा: ती नवी दिसली की अंगावर पाणी पडतं. मग ती नवी आवडणार कशी?

मुळात ठकी घरात आली कशी, हे मी मग विचारलं. हॉलच्या मधोमध पिंजरा ठेवला, दार उघडलं, चौघं भोवती मोबाइल घेऊन उभे. बहुतेक घरांत असंच होतं. त्यांना वाटतं, एकमेकांना बघितलं की ओळख होईल. पण मांजराची ओळख आधी नाकाने होते. गालांवर, हनुवटीखाली, शेपटीच्या मुळाशी वासाच्या ग्रंथी असतात. एका घरातली मांजरं एकमेकांना अंग घासून सगळ्यांचा मिळून एक वास तयार करतात. तो वास अंगावर असेल तो आपला, नसेल तो उपरा.

"म्हणजे मन्या दवाखान्यातून आला होता तेव्हा चिमी त्याच्यावरही फिसकारली होती, ते त्यामुळे?"

त्यामुळेच. दवाखान्याच्या वासाखाली घरचा वास दबला होता.

"मग आता परत पहिल्यापासून?" ताईंचा आवाज पडला. हो, पहिल्यापासून. ठकीची खोली बंद. (खरं तर नव्या मांजराला पहिले दोनेक आठवडे वेगळं ठेवावंच, सर्दी किंवा त्वचेची बुरशी घेऊन आलं असेल तर तेवढ्यात कळतं.) मऊ फडकं ठकीच्या गालांवरून फिरवायचं आणि जुन्या दोघांच्या जागेजवळ टाकायचं, त्यांचं तिच्या खोलीत. मन्याने पहिल्या दिवशी फडकं हुंगलं आणि त्यावर फिसकारला. चौथ्या दिवशी तो त्यावर झोपला. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना वाट्या, आधी लांब, रोज थोड्या जवळ. जेवण थांबलं किंवा मांजर दाराकडे बघत गोठलं, की वाटी मागे. त्यानंतर दाराला जाळी.

नवव्या दिवशी मुलाने जाळी ढकलून ठकीला उचलून आणलं, "बघ मन्या, मैत्रीण!" त्याच्या हातावर बोचकारे आले आणि आम्ही चार दिवस मागे गेलो. मांजराला कडेवर धरून ओळख करून देऊ नका. पळायची वाट बंद झाली की नख्या बाहेर येतात.

ट्रे चार झाले, मांजरांपेक्षा एक जास्त, आणि तीन वेगवेगळ्या खोल्यांत. शेजारी शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या हिशेबी एकच. एक मन्या दोन्ही अडवू शकतो. पॅसेजमधल्या कपाटांचे माथे रिकामे केले, म्हणजे खालून वाट अडली तर वरून जाता येईल.

किती दिवस लागतील, हे ताईंनी मला पाच वेळा विचारलं. कॅलेंडर बघू नका, वाटी बघा, मी म्हणाले. जाळीपलीकडे दुसरं मांजर दिसत असताना तिघंही निवांत जेवली, तर पुढची पायरी. कुठे तीन आठवडे, कुठे सहा महिने.

इथे सात आठवडे लागले. "तिघं एकत्र गुरफटून कधी झोपतील?" हा ताईंचा शेवटचा प्रश्न. कदाचित कधीच नाही, आणि त्यात बिघडलेलं काही नाही. मांजर शिकारीला एकटं जाणारं जनावर. एका छताखाली एकमेकांच्या वाटेत न येता राहणं ही त्याच्या लेखी मोठी तडजोड आहे. नव्या व्हिडिओत मन्या पॅसेजमध्ये तसाच पसरलेला आहे. ठकी कपाटांवरून त्याच्या डोक्यावरून जाते. तो वर बघतो, जांभई देतो.

फवाऱ्याची बाटली आता कुंड्यांसाठी वापरतात. चिमी मात्र ती कुणाच्या हातात दिसली की अजूनही पलंगाखाली जाते.