बोटीच्या केबिनला आतून कोणता रंग?

प्रश्न : आमची २२ फुटी फायबरची बोट कोकणातून आणून धायरीला शेडमध्ये ट्रेलरवर ठेवली आहे. केबिनमधला जुना फोम आणि रेक्झिन काढल्यावर आत उघडं फायबर निघालं. कप्प्यांत हात घातला तर तुसं टोचतात. गाड्या रंगवणारा म्हणतो, टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) स्प्रेने मारून देतो. रंगाचा दुकानदार म्हणतो, घरचा ऑइलपेंट चालेल. कोणाचं ऐकावं?

उत्तर : डब्याचं नंतर बघू, आधी त्या फायबरवर काय बसलंय ते पाहा. पॉलिएस्टर रेझिनचा हवेला लागलेला थर ऑक्सिजनमुळे पुरता पक्का होत नाही, चिकट राहतो. म्हणून शेवटच्या हातात बहुतेकदा थोडं पॅराफिन मेण घालतात. ते वर तरंगून हवा अडवतं आणि मग तिथेच राहतं. त्यावर मारलेला रंग, स्वस्त असो की महाग, फायबरवर न बसता मेणावर बसतो. एका पावसाळ्यात पोपडे निघतात ते यामुळे.

फोम चिकटवलेलं सोल्युशन आधी खरवडून काढा. डिटर्जंटने धुऊन भरपूर गोड्या पाण्याने मीठ घालवा. सुकलं की एपॉक्सी थिनर. एका चिंधीने ओलं करायचं आणि ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या चिंधीने टिपायचं. चिंध्या सारख्या बदला. एकच चिंधी फिरवली तर मेण फक्त जागा बदलतं. पॉलिश पेपर त्यानंतरच, ८० नंबरचा. क्रम उलटा झाला तर मेण ओरखड्यांत दाबलं जातं आणि मग निघत नाही. शेवटी पाणी शिंपडून बघा. सलग पापुद्रा राहिला तर ठीक. अळूच्या पानावरच्यासारखे थेंब झाले तर पुन्हा थिनर.

तुसांसाठी जुना नायलॉनचा मोजा हातात घालून कप्प्यात फिरवा. जिथे अडकेल तिथे घासा, आणि खड्ड्यांत एपॉक्सीची लांबी (पुट्टी) भरा. घासताना पूर्ण बाह्या, चष्मा आणि निदान एन-९५ मास्क हवाच.

आता प्राइमर : टू-पॅक (रेझिन आणि हार्डनर वेगवेगळ्या डब्यांत येणारा) एपॉक्सी, दोन हात. केबिनचं आतलं क्षेत्र १४ चौरस मीटर धरलं, तर खरबरीत मॅटवर (फायबरच्या काचतंतूंच्या चटईवर) पहिल्या हाताला लिटरमागे सहा-सातच चौरस मीटर होतात, म्हणजे दोन लिटर. दुसऱ्याला दीड. चार लिटरचा सेट घ्या. प्रमाण डब्यावर लिहिलेलं, मापाने मोजून. फायबरच्या कारागिरांना इथे हमखास चूक होते. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर थोडा कमी-जास्त करून काम लवकर किंवा उशिरा घट्ट करता येतं. एपॉक्सीत हार्डनर हा रेझिनचा जोडीदार आहे. जास्त घातला की लवकर सुकत नाही, उलट कायमचा मऊ राहतो. एका वेळी अर्धा लिटरच कालवा. मे महिन्याच्या उकाड्यात मिश्रण डब्यातच तापून बसतं.

वरच्या रंगाचं म्हणाल तर गाडीवाल्याचा पीयू चिवट असतो हे खरं, पण बंद केबिनमध्ये स्प्रे नको. त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट साध्या मास्कने अडत नाही आणि एकदा त्याची ॲलर्जी जडली तर दमा होतो. पीयूच हवा असेल तर ब्रश-रोलरने मारा, बाष्पाचा मास्क लावा, आणि पंखा असा ठेवा की हवा खालून बाहेर जाईल. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते. तिथे चालू मोटर किंवा बॅटरीची ठिणगी नको. ऑइलपेंट उजेडातल्या भिंतींना चालेल, मात्र दारं बंद राहणाऱ्या कप्प्यांत पांढरा रंग काही महिन्यांत पिवळट पडतो, कारण तेलाचा रंग अंधारात पिवळा होतो. आमचं मत : भिंतींना सॅटिन पीयू, कप्प्यांना प्राइमरवरच पांढरा टू-पॅक एपॉक्सी. तिथे ऊन पोचत नाही, त्यामुळे तो भुकटी सोडणार नाही. चकचकीत रंग टाळा, मॅटची प्रत्येक गाठ त्यात उठून दिसते.

पुण्यात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळचं दव उडाल्यावर सुरू करा, उन्हं कलायच्या आत थांबा. ओल्या हवेत एपॉक्सीवर मेणचट साय येते. आलीच तर पाण्याने धुवा, मग घासा.

प्रश्न : घराचं काम झालं, वॉल पुट्टी उरली आहे. केबिनच्या खाचांत भरली तर?

उत्तर : नको. ती सिमेंटची आणि कडक. लाटेने फायबर थोडं लवलं की तडकते, नि पाणीही शोषते. गाडीची पॉलिएस्टर पुट्टी एक वेळ चालेल, पण कोरड्या भागात आणि पाणरेषेच्या वरच.

प्रश्न : पानशेतला रात्र काढली की पहाटे छतावरून थेंब पडतात. कुठला रंग मारू?

उत्तर : रंगाने हे थांबत नाही. तलावावर रात्री हवा गार पडते, पातळ फायबर त्याहून गार होतं, आणि तुमच्या श्वासातली वाफ त्यावर जमते. बंद पेशींचा (पाणी न शोषणारा) १० मिलिमीटरचा फोम फायबरला सगळीकडे चिकटेल असा लावा. मध्ये पोकळी राहिली तर तिथे बुरशी येईल. झोपताना पुढची खिडकी दोन बोटं उघडी ठेवा.