डोळ्याला दिसतं, पडद्यावर का नाही?

प्रश्न : पेशीसंवर्धनाच्या इन्व्हर्टेड (नमुना खालून बघणाऱ्या) मायक्रोस्कोपला अर्धा इंची सेन्सरचा कॅमेरा 1एक्स अडॅप्टरने (चित्र आहे त्याच मापात कॅमेऱ्याकडे नेणाऱ्या जोडनळीने) जोडला. पडद्यावर चित्र अंधुक, तेही मधलंच. कॅमेरा बदलू का? – प्रयोगशाळा साहाय्यक, परभणी

उत्तर : अजिबात नको, पैसे वाचवा! सेन्सरचा कर्ण जेमतेम 8 मिमी. 1एक्सने डोळ्याला दिसणाऱ्या वर्तुळाचा तेवढाच मधला भाग मिळणार. चित्र निम्मं करणारा 0.5एक्स अडॅप्टर लावा, 16 मिमी मिळेल. अंधुकपणा वेगळा. आधी आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) फ्लास्कच्या तळाच्या पेशी फोकस करा. मग फोकसच्या चाकाला न शिवता अडॅप्टरचा बारीक स्क्रू सैल करून नळी वरखाली करा. पडद्यावर पेशींच्या कडा उमटल्या की आवळा. आणि आपल्याकडची उन्हाळी धूळ! कॅमेरा फिरवल्यावर चित्र फिरलं, डाग पडद्यावर जागीच राहिला, तर तो सेन्सरच्या काचेवर. ब्लोअरने उडवा, तोंडाने फुंकू नका.