ट्रस्ट नको, दूध द्या

प्रश्न : माझा धाकटा भाऊ पैलवान होता, अपघातात गेला. त्याच्या नावानं तालमीतल्या पोरांसाठी २ लाख ठेवायचेत. ट्रस्ट काढू का? – एक भगिनी, कराड

उत्तर : ताई, एवढ्यासाठी ट्रस्ट नको. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी हिशेब; पोरं राहतील बाजूला. तालमीची नोंदणीकृत संस्था असेल तर हेतू लेखी घालून तिला पैसे द्या, प्राप्तिकरात सवलतीची (८०-जी) पावती मिळते का विचारा.

आणि पैसे बँकेत ठेव म्हणून ठेवले तर? व्याज येणार वर्षाला १२-१३ हजार. मी स्वतः सात वर्षं लाल मातीत लोळलोय. रोज लिटरभर म्हशीचं दूध ७० रुपयांनी धरा, एका पोराचेच वर्षाला २५ हजार होतात, बदाम-तूप वेगळं. म्हणून मुद्दलच वापरा. दोन पोरं, चार वर्षं. पैसे हातात देऊ नका, गवळ्याचं बिल महिन्याला भागवा.

तुमच्याच कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९५२ला हेलसिंकी ऑलिंपिकला गेले, ते वर्गणीवर. कोल्हापुरातल्या त्यांच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी तर घर गहाण टाकून ७ हजार उभे केले. कांस्यपदक आलं!

पोरं वस्तादांना निवडू द्या. भावाचा लंगोट जपला असेल, तर तोही तालमीत द्या.