नेटवरचं लिखाण टिकवायचं कसं?

प्रश्न : बरीच वर्षं नेटवर लिहितोय. आता सगळे रील्सकडे वळलेत, वाचणारे रोडावलेत, आणि उद्या ती साइटच बंद पडली तर? लिहीत राहावं का, आणि जुनं कसं सांभाळू?

उत्तर : लिहीत राहा, अगदी मनापासून सांगतेय. रील दोन दिवसांत खाली जातं, पण नीट लिहिलेला लेख सर्चमधून वर्षांनीसुद्धा कुणाला तरी सापडतो आणि नेमका त्यालाच तो हवा असतो.

धास्ती मात्र खरी आहे. फुकट वेबसाइट बनवून देणारं जिओसिटीज २००९ मध्ये गेलं (जपान सोडून), ब्लॉग एका जागी वाचायचं गूगल रीडर २०१३ मध्ये, मित्र जोडायचं ऑर्कुट २०१४ मध्ये, आणि ही काही छोटी नावं नव्हती! म्हणून मूळ प्रत आपल्याकडेच हवी. साइटच्या सेटिंगमध्ये बहुधा एक्सपोर्ट असतं, म्हणजे सगळं लिखाण फाइलमध्ये काढून घ्यायची सोय, ती फाइल उतरवून घ्या, एक कॉपी कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या ड्राइव्हवर, आणि फोटो वेगळे सेव्ह करा कारण एक्सपोर्टमध्ये बरेचदा फोटोंच्या नुसत्या लिंका येतात, साइट गेली की तिथे रिकामे चौकोन उरतात. आवडते लेख वेबॅक मशीनवरही टाका, ही वेबपानांच्या प्रती जपून ठेवणारी साइट आहे, तिथे ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये लिंक दिली की झालं.

आणि हो, जुनं टायपिंग युनिकोडमध्ये (म्हणजे सगळ्या मशीनना कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) नसेल, जुन्या खास फॉन्टमध्ये असेल तर ते आधी कन्व्हर्ट करा, नाहीतर फॉन्ट नसलेल्या मशीनवर तुमचं अख्खं मराठी नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं होऊन दिसेल, सर्चमध्ये तर येणारच नाही. कन्व्हर्टरमध्ये रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, तेवढी डोळ्यांनी तपासा.